चौदाव्या किलोमीटरचा दगड

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादहून, पैठणच्या रस्त्याने निघाले म्हणजे वाटेत चितेगाव लागते. एका काळी या गावाचे नाव सगळ्या हिंदुस्थानात पोहोचले होते, ते तेथील रंगीत दूरचित्रवाणी संचांच्या कारखान्यामुळे. त्या कारखान्याच्या कागदपत्रांवर जो पत्ता छापलेला असे तो मोठा मजेदार होता : ‘औरंगाबाद-पैठण रस्ता, १४ किलोमीटरचा दगड, चितेगाव, तालुका पैठण.’ आकाशातून येणाऱ्या अदृश्य लहरी पकडून त्यांतून चित्र उभे करणारी यंत्रे जेथे तयार होत, त्या जागेची ओळख जगाला पटवून द्यावयाची तर एका दगडाचा आधार घ्यावा लागत होता!

यात हसण्यासारखे काही नाही. ‘मी कोठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर माणूस शतकानुशतके असेच देत आला आहे. अमुक रस्ता, अमुक गावापासून इतके अंतर, आणि खूण म्हणून एक दगड. मात्र या उत्तराला तीन अटी आहेत. रस्ता कोणता ते ठाऊक हवे. निघालो कोठून ते ठाऊक हवे. आणि दगड डोळ्यांना दिसावयास हवा. यांपैकी एक अट जरी तुटली तरी दगड निरुपयोगी होतो. आता अशी कल्पना करा की, आपण जमिनीवर नसून दोन हजार मीटर उंचीवर आहोत, आषाढातला ढग सभोवार दाटला आहे, आणि आपल्या चार आसनी विमानाच्या पंखांची टोकेही धडपणे दिसत नाहीत. तेथे रस्ता नाही, दगड नाही, आणि थांबून कोणाला विचारण्याची सोय तर मुळीच नाही. अशा वेळी ‘मी कोठे आहे?’ हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा राहत नाही. तो जगण्यामरण्याचा होतो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गेल्या शंभर वर्षांत माणसाने काय काय केले, त्यासाठी किती किंमत मोजली, आणि आज उपग्रह हाताशी असतानाही विमानविद्येचे नियम लहानशा विमानाच्या वैमानिकाला इतके का जखडून ठेवतात, याची हकीकत सांगण्यासारखी आहे. त्यातले काही फार मोलाचे धडे आपल्या महाराष्ट्राच्याच डोंगरांत गिरविले गेले आहेत.

१५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ जातीचे एक इंजिनाचे चिमुकले विमान कराचीहून उडविले आणि अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून पुढे बळ्ळारी व मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार पाडला. हिंदी विमानवाहतुकीचा हा श्रीगणेशा आपण अभिमानाने सांगतो. पण त्या विमानात काय नव्हते हे क्वचितच सांगतो. त्यात रेडिओ नव्हता. वाटेत मार्ग दाखविणारे कोणतेही यंत्र जमिनीवर नव्हते. वैमानिकापाशी होकायंत्र होते, घड्याळ होते, नकाशा होता आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळे होते. समुद्राचा किनारा, नदीचे पात्र, रेल्वेचे रूळ हेच त्याचे मैलाचे दगड. पावसाळा सुरू झाला की जुहूच्या मैदानाचा चिखल होई आणि सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. तोवर निसर्गाशी सामना देण्याची भाषा कोणी करीत नव्हते. त्याची मर्जी सांभाळूनच चालले होते.

डोळ्यांनी खूण दिसेनाशी झाली म्हणजे उरते ते गणित. वेग ठाऊक आहे, वेळ ठाऊक आहे, दिशा ठाऊक आहे; मग गुणाकार करून आपण कोठे असू ते नकाशावर मांडावयाचे. कागदावर हे गणित निर्दोष आहे. परंतु विमान ज्या हवेत तरंगते ती हवाच स्वतः चालत असते. मुंबईहून चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंतचे सरळ अंतर सुमारे २८० किलोमीटर. या अंतरात दिशेची चूक अवघ्या एका अंशाची झाली, तर शेवटी विमान सुमारे पाच किलोमीटर बाजूला पडते. पाच किलोमीटर ही सपाट मराठवाड्यात फारशी मोठी गोष्ट नाही. पण ही सरळ रेषा सह्याद्री ओलांडते, आणि ओलांडताना हरिश्चंद्रगडाच्या अगदी जवळून जाते. त्या गडाची उंची १,४०० मीटरांहून अधिक आहे. गड जागचा हलत नाही. हलते ते आपले गणित.

यापेक्षाही मोठा एक शत्रू वैमानिकाच्या स्वतःच्या कानात बसलेला असतो. आपल्या शरीराचा तोल सांभाळणारे द्रव आतल्या कानात असते. डोळ्यांना क्षितिज दिसत असेपर्यंत ते इमानाने चाकरी करते. क्षितिज नाहीसे झाले की मात्र ते खुशाल खोटे सांगू लागते. विमान हळूहळू एका अंगाला कलत असते आणि माणसाला शपथेवर वाटते की आपण सरळ चाललो आहोत. या फसवणुकीवर उपाय सापडला तो फिरत्या भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या उपकरणांचा. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या मिचेल मैदानावर जेम्स डूलिटल या वैमानिकाने आपली बैठक झाकून घेतली, बाहेरचे काहीही न पाहता विमान उडविले, वळविले आणि पुन्हा उतरविले. कृत्रिम क्षितिज दाखविणारी तबकडी त्याच्यापुढे होती. शरीर काय सांगते ते ऐकू नये, तबकडी काय सांगते ते ऐकावे, हा नवा धर्म त्या दिवशी स्थापन झाला. उपकरणांच्या आधारे उड्डाण म्हणतात त्याची पहिली पायरी ही.

परंतु विमान सरळ आहे की तिरपे एवढेच तबकडीवरून कळते. ते कोठे आहे हे कळत नाही. त्यासाठी रेडिओ आला. प्रथम साधे ध्वनिक्षेपक उभारले गेले. विमानातील काटा त्यांच्याकडे वळे. यात एक खोड अशी की, जवळपास वीज कडाडत असली तर काटा विमानतळ सोडून वादळाकडे बोट दाखवी! नेमके वादळातच ज्याची गरज लागावयाची, ते वादळातच फितूर व्हावयाचे. पुढे ‘व्हीओआर’ नावाची अधिक भरवशाची केंद्रे झाली. सायकलच्या चाकाच्या आऱ्या जशा मधल्या तुंब्यापासून चोहोकडे जातात, तशा या केंद्रापासून तीनशे साठ दिशा जातात, आणि आपण त्यांपैकी कोणत्या आरीवर आहोत हे वैमानिकाला कळते. धावपट्टीच्या रोखाने खाली आणणारी वेगळी यंत्रणाही बसविली गेली. आता वाटू लागले की, प्रश्न सुटला.

तो सुटला नव्हता, याची साक्ष आपले डोंगर देतात. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम या डच कंपनीचे ‘फ्रानेकर’ नावाचे कॉन्स्टेलेशन विमान सांताक्रूझला उतरण्याच्या प्रयत्नात असताना भर पावसात घाटकोपरच्या डोंगरावर आदळले. इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे अमेरिकन पत्रकार त्यात होते. विमानातील ४५ माणसांपैकी एकही वाचला नाही. विमानतळ तेथून हाकेच्या अंतरावर होता म्हटले तरी चालेल.

त्यानंतर तेरा वर्षांनी, ७ जुलै १९६२ रोजी, त्याहून भयंकर प्रकार घडला. अलितालिया कंपनीचे डीसी-८ जेट विमान सिडनीहून रोमकडे निघाले होते. बँकॉक सोडून ते मुंबईच्या रोखाने येत होते. वेळ मध्यरात्रीच्या सुमाराची, महिना आषाढाचा. वैमानिकाची समजूत अशी झाली की, मुंबई आता अगदी जवळ आली आहे. म्हणून त्याने विमान खाली आणावयास सुरुवात केली. वस्तुतः मुंबई अजून ८० किलोमीटरांहून अधिक दूर होती आणि विमानाखाली किनारा नसून जुन्नरच्या बाजूचे डोंगर होते. सुमारे ३,६०० फूट उंचीच्या एका डोंगरमाथ्याच्या किंचित खाली विमान धडकले. ९४ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत निघालेले निष्कर्ष वाचले म्हणजे मन सुन्न होते. यंत्र मोडले नव्हते. वैमानिकाने आपण आहोत त्यापेक्षा पुढे आहोत असे मानले आणि वेळेआधी उंची सोडली. आपले स्थान ताडून पाहण्यासाठी जी साधने उपलब्ध होती ती त्याने वापरली नाहीत. किमान सुरक्षित उंचीचा नियम मोडला गेला. आणि या मुलखातील डोंगरांशी त्याचा परिचय नव्हता.

जुन्नरच्या कोणत्याही गुराख्याने त्या वैमानिकाला सांगितले असते की बाबा, येथे डोंगर आहे. पण गुराख्याचे ज्ञान वर पोहोचण्याची सोय नव्हती, आणि वरच्याला आपल्याला काही ठाऊक नाही याचाच पत्ता नव्हता. या दुसऱ्या वाक्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. पुढच्या साऱ्या नियमांचे मूळ त्यात आहे.

चार वर्षेही लोटली नाहीत तोच हाच धडा आपल्याला आणखी एकदा, घरच्या माणसांचे मोल देऊन शिकावा लागला. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ माणसे गेली. त्यांत डॉक्टर होमी भाभा होते. फ्रेंच चौकशीने जे ठरविले ते असे : बैरूट सोडतानाच विमानातील दोनपैकी एक व्हीओआर ग्राहक बंद पडलेला होता, आणि वैमानिकाला ते माहीत होते. पर्वताच्या संदर्भात आपण कोठे आहोत याचा त्याचा हिशेब चुकला. खाली रडारवर बसलेल्या नियंत्रकाच्या ती चूक ध्यानात आली. त्याने सूचनाही दिली. पण तिची शब्दयोजना पुरेशी नेमकी नव्हती. वैमानिकाने तिचा अर्थ असा घेतला की, आपण शिखराची रांग ओलांडली आहे. एक यंत्र बंद, एक हिशेब चुकलेला, एक वाक्य मोघम. या तिन्ही गोष्टी एकेकट्या आल्या असत्या तर कदाचित निभावले असते.

हे सारे घडले ते मोठ्या विमानांत, जेथे दोन-तीन कसलेले वैमानिक शेजारी शेजारी बसलेले असतात. लहान विमानात बहुधा एकच माणूस असतो. काठी त्यानेच धरावयाची, नकाशा त्यानेच उलगडावयाचा, रेडिओवर त्यानेच बोलावयाचे आणि हिशेबही त्यानेच करावयाचा. त्याच्या चुकीवर बोट ठेवणारा दुसरा कोणी नसतो. म्हणून त्याच्या साधनांकडूनच काही अधिक मागणे भाग पडते.

अशा या एकाकी माणसाच्या मदतीला उपग्रह आले. अमेरिकेच्या लष्करासाठी योजलेल्या जीपीएस व्यवस्थेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाल्याचे जाहीर झाले. ही केवळ लष्कराचीच मिरास राहावयाची. पण मध्येच एक घटना घडली. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी ही व्यवस्था तयार होताच नागरी वापरासाठीही खुली केली जाईल असे घोषित केले. तरी नागरिकांना मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम काही अशुद्धी मिसळलेली असे; ती २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकण्यात आली.

या व्यवस्थेचे तत्त्व आपल्या दगडाच्या तत्त्वाहून निराळे नाही. फरक इतकाच की, येथे दगड सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात आणि प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ असते. उपग्रह सांगतो, ‘मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत.’ संकेत पोहोचावयास किती वेळ लागला त्यावरून अंतर निघते. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतरात तीनशे मीटरांची चूक होते. अशा चार उपग्रहांपासूनची अंतरे मिळाली म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची आणि आपल्या घड्याळाची चूक, या चारही अज्ञात राशी सुटतात. शाळेतल्या समीकरणांचाच हा खेळ आहे.

हे वाचून कोणीही विचारील की, आता नियमांचे एवढे अवडंबर कशाला? आज खिशातला फोनसुद्धा आपण चितेगावच्या कोणत्या वळणावर उभे आहोत ते दाखवितो. मग लहान विमानाच्या मालकाने तोच फोन समोर टांगून ढगात का शिरू नये? प्रश्न रास्त आहे, आणि अनेक वैमानिकांनी तो तळमळीने विचारलेला आहे. कारण प्रमाणित ग्राहक बसविण्याचा खर्च जुन्या विमानाच्या किमतीकडे पाहता काही वेळा डोळे पांढरे करणारा असतो.

उत्तर जुन्नरच्या डोंगरावर आहे. खिशातले यंत्र बहुतेक वेळा बरोबर सांगते, हे कोणी नाकारीत नाही. पण ज्या वेळी ते चूक सांगते, त्या वेळी ते तितक्याच ठामपणाने चूक सांगते. उपग्रहाचे घड्याळ बिघडले तरी नकाशावरचा ठिपका आपला झळकतच राहतो. १९९२ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने उपकरण-उड्डाणासाठी लागणाऱ्या जीपीएस ग्राहकाचे पहिले परिमाण ठरविले. ‘सी-१२९’ या नावाने ते ओळखले जाते. त्याने मागितलेली मुख्य गोष्ट अचूकता ही नव्हती. ग्राहकाने स्वतःची झडती स्वतः घ्यावी, ही ती गोष्ट. चार उपग्रहांत स्थान निघते. पाचवा दिसत असेल तर पाचांतून निरनिराळे चौघे घेऊन उत्तरे ताडून पाहता येतात. उत्तरे जुळली नाहीत तर कोणीतरी खोटे बोलत आहे एवढे कळते. सहावा असेल तर खोटे कोण बोलत आहे तेही कळते आणि त्याला पंगतीतून उठविता येते. आणि पुरेसे उपग्रहच नसतील तर ग्राहकाने दिवा लावून कबूल करावयाचे की, ‘आता माझ्या शब्दाची हमी मी देऊ शकत नाही.’ या कबुलीसाठीच ही सारी यातायात आहे.

बाकीच्या अटीही अशाच अनुभवातून आलेल्या आहेत. ग्राहक विमानात पक्का बसविलेला हवा, त्याचा अँटेना आकाश मोकळे दिसेल अशा जागी हवा, आणि त्याचा काटा व इशाऱ्याचे दिवे वैमानिकाच्या सहज नजरेच्या टप्प्यात हवेत. गुडघ्यावर ठेवलेल्या यंत्राकडे वारंवार मान वळविली की आतल्या कानातला तो जुना शत्रू जागा होतो. काट्याची संवेदनक्षमता आपोआप बदलावी लागते : लांबच्या वाटेवर पाच सागरी मैल, विमानतळाच्या परिसरात एक मैल, आणि अखेरच्या उतरणीत अवघा तीन दशांश मैल. उतरण्याचा मार्ग वैमानिकाने हाताने आकडे घालून तयार करावयाचा नाही. तो ग्राहकातील संग्रहातूनच घ्यावयाचा, कारण एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी डोंगर आपली जागा सोडीत नाही. आणि हा संग्रह ताजा हवा. जगभर त्याची आवृत्ती दर अठ्ठावीस दिवसांनी बदलते. पंचांगासारखेच आहे हे. गेल्या वर्षीचे पंचांग कितीही सुबक छापलेले असले तरी त्यावर मुहूर्त काढीत नाहीत.

येथे आपल्या देशापुरती एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपले जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत. त्यांचा मूळबिंदू मध्य प्रदेशातील कल्याणपूर येथे आहे. उपग्रह वापरतात तो पृथ्वीचा आकार निराळा. दोन्ही आपापल्या जागी शुद्ध. पण एका पद्धतीतले अक्षांश-रेखांश दुसरीत घातले तर आपल्या भागात जागा शंभर मीटरांच्या पुढेमागे सरकते. धावपट्टीची रुंदी साधारण पंचेचाळीस मीटर! म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेने १ जानेवारी १९९८ पासून सर्व विमानतळांची स्थाने उपग्रहांच्याच पद्धतीत देण्याचे ठरविले. दगड तोच, गाव तेच. मोजणी मात्र नव्याने करावी लागली.

आणि इतके करूनही ‘सी-१२९’ जातीच्या ग्राहकाला एकट्याने राज्य करू दिले गेले नाही. त्याच्या जोडीला व्हीओआरसारखे दुसरे, स्वतंत्र साधन विमानात चालू स्थितीत असलेच पाहिजे, अशी अट राहिली. ‘कांचनजंगा’ची कथा ठाऊक असलेल्याला या अटीचे कारण समजावून सांगावयास नको.

एकट्यावर भिस्त ठेवता येईल अशी व्यवस्था यावयास जमिनीवरच्या साक्षीदारांची गरज होती. अमेरिकेत ती २००३ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून ‘गगन’ उभारली. तिची पंधरा संदर्भकेंद्रे देशभर विखुरलेली आहेत. त्यांत आपले नागपूर आहे आणि गोवाही आहे. प्रत्येक केंद्राची जागा अत्यंत नेमकी मोजलेली. केंद्र उपग्रहाचे ऐकते आणि म्हणते, ‘तू मला अमुक ठिकाणी दाखवितोस, पण मी तर येथे आहे.’ ही तफावत बंगळूरला गोळा होते आणि तिची दुरुस्ती जीसॅट उपग्रहांवाटे परत विमानांना मिळते. पाहा, शेवटी हे काम पुन्हा दगडावरच आले! नागपूरचे केंद्र म्हणजे जागेवरून न हलणारा, खोटे न बोलणारा एक मैलाचा दगडच आहे.

हिंदुस्थानात हे काम विशेष अवघड होते. पृथ्वीच्या वातावरणाचा विद्युत्‌भारित थर संकेताला उशीर लावतो, आणि चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास हा थर फार चंचल असतो. ते चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकावरून जाते. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास आपल्याला नवा नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत तो एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे नाजूक उपकरणे बिघडणार, म्हणून ते काम १९०४ मध्ये समुद्रापार अलिबागला हलविले गेले. अलिबागच्या त्या शांत आवारात नोंदी करणाऱ्या माणसांना आपल्या कामाचा विमानांशी काही संबंध येईल असे स्वप्नातही वाटले नसेल. ‘गगन’ला ३० डिसेंबर २०१३ रोजी मार्गक्रमणासाठी आणि २१ एप्रिल २०१५ रोजी उतरणीच्या मार्गदर्शनासाठी मान्यता मिळाली. विषुववृत्तीय प्रदेशातील ही पहिली अशी व्यवस्था. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे इंडिगोच्या एटीआर विमानाने तिच्या आधारे उतरून दाखविले. २०१६ च्या नागरी विमानवाहतूक धोरणात, १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणारी विमाने ‘गगन’ वापरू शकणारी असावीत असे म्हटले होते. पुढे ती मुदत वाढवावी लागली.

याचा खरा लाभ कोणाला? जेथे धावपट्टी आहे पण महागडी रेडिओ यंत्रणा परवडत नाही, अशा लहान गावांना. महाराष्ट्रात अशा धावपट्ट्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. गोंदिया, बारामती, धुळे येथे तरुण मुलेमुली विमान चालवावयास शिकतात. त्यांच्या समोर चकाकणारा पडदा असतो. त्यावर डोंगर, नदी, धावपट्टी सारे रंगांत रेखाटलेले दिसते. त्यांच्या शिक्षकांना मात्र एकच चिंता असते की, या पडद्याने मुलांची शंका घेण्याची सवय मोडू नये.

ही चिंता अनाठायी नाही. अलीकडे उपग्रहांचे खोटे संकेत मुद्दाम सोडण्याचे प्रकार जगभर वाढले आहेत. आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याविषयी सूचना काढल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आसपासच्या विमानांना त्याचा उपद्रव झाला. अशा वेळी कामाला येतात ती जुनी व्हीओआर केंद्रे, ज्यांना कालबाह्य म्हणून मोडीत काढावयाची भाषा चालली होती. घरात विजेचे दिवे आले तरी आजी देव्हाऱ्यापाशी काडेपेटी ठेवीतच असे.

साधनांनी सारे प्रश्न सुटतात असेही कोणी समजू नये. २६ एप्रिल १९९३ रोजी आमच्या चिकलठाण्याहून उडालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन जाणाऱ्या ट्रकला धडकले आणि पुढे विजेच्या तारांत सापडून कोसळले. भरदुपारचे लख्ख ऊन होते. आपण कोठे आहोत हे सर्वांना ठाऊक होते. पन्नासांहून अधिक माणसे गेली ती गेलीच. त्या दिवशी कोणताही उपग्रह उपयोगी पडला नसता.

पण जेथे प्रश्न स्थानाचा आहे, तेथे घाटकोपर, जुन्नर आणि माँ ब्लाँ या तीन डोंगरांनी जे शिकविले ते आजच्या नियमांच्या रूक्ष कलमांत उतरले आहे. नियमाची भाषा रूक्ष असते. कारण जेथे मोघम वाक्याने ११७ माणसे गेली तेथे भाषा रूक्षच हवी. लहान विमानाचा मालक ग्राहकाचे बिल चुकवताना कुरकुरतो तेव्हा त्याच्या हे ध्यानात यावे की, तो ठिपक्याचे पैसे देत नाही. तो त्या दिव्याचे पैसे देतो, जो योग्य वेळी ‘मला ठाऊक नाही’ असे सांगतो.

चितेगावच्या त्या कारखान्याचे वैभव आज उरलेले नाही. रस्ताही रुंद झाला, वाहने वेगाने धावतात, आणि मैलाचा दगड कोणी वाचीत नाही; चालकापुढचा फोनच वळणे सांगत असतो. तरी पैठणला जाताना मी गाडीच्या काचेतून बाहेर पाहत राहतो. फोन म्हणतो चितेगाव आले, आणि बाहेरची पाटीही म्हणते चितेगाव आले. दोघांचे जुळले म्हणजे बरे वाटते.